भाभींच्या फळीवरचं शेवटचं मशीन

ओतूरच्या बाजारपेठेत एका कापड दुकानाच्या मागच्या खोलीत विमलबाई कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या. गाव त्यांना भाभी म्हणायचं. वयाने मोठी माणसंसुद्धा भाभीच म्हणायची. मशीन घेऊन कोणी आलं की त्या मशीनकडे बघत नसत, माणसाकडे बघत.

"आधी कसं चालत व्हतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे.

काय बिघडलंय हे त्या विचारत नसत, कारण ते सांगायला माणूस घरून तयारी करूनच आलेला असायचा. कार्ड गेलंय, रॅम कमी पडतीय, व्हायरस शिरलाय, असं कोणी सुरू केलं की भाभी हात वर करत. "ते मी सांगन. तुमी फक्त सांगा, कवापासून आन् काय करताना."

भाभी मूळच्या मारवाडी जैन घरातल्या, बी. कॉम. झालेल्या, लग्न होऊन ओतूरला आलेल्या. त्यांचे पती सुभाषशेठ यांनी याच खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला होता आणि भाभी तिथे शिकवायच्या. पुढे घरोघर मोबाइल आले, क्लास ओसरला. सुभाषशेठ वारले. खोलीत राहिली ती क्लासची जुनी मशीनं, ती चालू ठेवण्याच्या खटपटीत भाभींना आलेली विद्या आणि भिंतीलगतची एक लांब लाकडी फळी. दुरुस्तीला आलेली मशीनं त्या फळीवर रांगेत उभी असत. रांग मोडून कोणाचं काम होत नसे, मग तो पंचायत समितीचा सदस्य का असेना.

मी तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या बातम्या पाठवायचो. माझा कॉम्प्युटर जुना होता, त्यामुळे त्या खोलीतलं माझं बसणं बरंच झालं.

त्या काळात एका तक्रारीची माणसं वाढली होती. मशीन सुरू होतं, पण चित्र अडखळतं. लग्नाचे व्हिडिओ करणारे, फ्लेक्स छापणारे, बैलगाडा शर्यतींचं चित्रीकरण करणारे तरुण या दोन तालुक्यांत गावोगाव तयार झाले होते. त्यांनी पुण्याहून ग्राफिक्स कार्डं आणून बसवली होती. पडद्यावरच्या चित्राचा भार उचलणारा हा भाग, स्वतःचे पंखे असलेला आणि कॅबिनेटमधल्या इतर सगळ्यांहून महाग. तो दमला की मालक घाबरून यायचा. बहुतेकांनी मनात नवं कार्ड घेऊनही टाकलेलं असायचं.

भाभींची पद्धत संथ होती. मालकाच्याच व्हिडिओची एखादी फीत त्या चालवून बघत. मग एकच गोष्ट बदलत आणि तीच फीत पुन्हा चालवत. फरक पडला नाही तर बदललेलं पूर्ववत करून पुढची गोष्ट. धूळ, वायर, वीजपुरवठा, तापमान, सेटिंग. दोन गोष्टी एकदम बदला, वेळ वाचेल, असं सुचवणाऱ्याला त्या म्हणत, "मग बरं कशानं झालं ते तुला कोण सांगणार, तुझा मामा?" फीत चालू असताना त्या डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकत. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याचा स्टीलचा तांब्या असे. माउसला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मधेच बोललेलंही खपत नसे.

संध्याकाळी सूर्य कलला की शटर खाली यायचं. दिव्यावर किडे येतात आणि उघड्या मशीनमध्ये पडून मरतात, म्हणून दिवा लावून त्यांनी कधी काम केलं नाही. पावसाळ्यात तर दुपारीच आवरायच्या. गिऱ्हाइकं कुरकुरत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी गोळेगावला एकाचं फोटो आणि बॅनरचं दुकान होतं. त्याने पावसाळाभर मशीन जवळजवळ बंद ठेवलं होतं. नंतर काम सुरू केलं तर थोड्या वेळात सगळं रेंगाळायला लागलं. भाभींनी कॅबिनेट उघडलं. कार्डाचा एक पंखा फिरत नव्हता. हलक्या कामाला या कार्डाचे पंखे थांबलेलेच असतात, आणि त्या थांबलेल्या पंख्यात कुंभारीण माशीने मातीचं घरटं लिंपलं होतं. पंखा अडकला, कार्ड तापलं आणि तापल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी हळू झालं. निदान झालं होतं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने माती खरवडली की काम संपलं असतं.

भाभींनी टोक लावलं नाही. घरटं बंद आहे म्हणजे आत जीव आहे, असं सांगून त्यांनी कार्ड काढलं आणि खिडकीत सावलीला ठेवलं. माशा बाहेर पडेपर्यंत ते तिथेच राहणार होतं.

गोळेगावकर आधी हसला. मग त्याला कळलं की त्या गमतीत बोलत नाहीत. "भाभी, माझं काम अडलंय आन् तुमी माशीचं बाळंतपण करताय व्हय?"

"तुझ्या बायकोच्या टायमाला तू दुकान बंद ठिवलंच व्हतं ना?" भाभी म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या मशीनमधलं कार्ड काढून त्याच्या मशीनमध्ये बसवलं आणि त्याला वाटेला लावलं. स्वतः त्या तितके दिवस पांगळ्या मशीनवर काम करत राहिल्या. माशा कधी उडाल्या ते कोणी पाहिलं नाही. एका सकाळी मातीला भोकं दिसली, तेव्हा त्यांनी घरटं काढलं.

हे सगळं वाचून त्या मवाळ होत्या असं कोणाला वाटेल, तर तसं नव्हतं. त्या टोचून बोलत, राग धरत, आणि एकदा एखाद्याला धांदरट ठरवलं की वर्षानुवर्षं त्याला तेच म्हणत. त्या चुकतही असत. चुकल्याचं मात्र सगळ्या बाजारपेठेला कळायचं, आणि त्याची रीत वेगळी होती.

घोडेगावच्या एका फ्लेक्सवाल्याचं मशीन त्यांच्याकडे आलं. घरी अडखळायचं आणि भाभींच्या खोलीत व्यवस्थित चालायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला की कार्ड जास्त वेळ चाललं की दमतं, ते बदलावं. त्याने नवं आणलं. घरी नेलं, तर नवंही तसंच. मग भाभी एसटीने घोडेगावला गेल्या. मशीन भिंतीला टेकवलेलं होतं. स्क्रीनची वायर आखूड होती. ती खाली कार्डाच्या जागेपर्यंत पोचत नव्हती, म्हणून त्याने वरच्या जागेत खोचली होती. ती जागा कार्डाची नव्हतीच. दोन्ही कार्डं आत नुसती बसून होती आणि चित्राचा सगळा भार भलताच भाग ओढत होता. भाभींच्या खोलीत वायर भाभींची, लांब आणि योग्य जागी लावलेली. त्यामुळे दोष तिथे कधी दिसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाभींनी आयंबील केलं. दिवसातून एकदाच जेवायचं आणि तेही मीठ, साखर, तूप, दूध काही नसलेलं कोरडं अन्न, असं हे जैनांचं व्रत. ते एरवी तिथीला करतात. भाभी ते चुकीच्या निदानालाही करत. कापड दुकानातल्या नोकरांना डबा दिसायचा आणि दुपारपर्यंत पेठेत बातमी फिरायची की भाभी आज कोरडा भात खातायत, कुणाचं तरी मशीन चुकलेलं दिसतंय. फ्लेक्सवाला धावत आला. माझ्यापायी उपाशी राहू नका, पाप मला लागंल, म्हणाला. भाभींनी त्याला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "तुला नाय लागत. वायर मी बगितली नव्हती." तेव्हापासून त्या गिऱ्हाइकाला मशीन वायरींसकट आणायला लावत आणि ते घरात कुठे, कशाला टेकून ठेवलंय हेही विचारून घेत.

एका वर्षी चातुर्मासासाठी काही साध्वी ओतूरच्या जैन स्थानकात मुक्कामाला आल्या. भाभी रोज सकाळी प्रवचनाला जाऊ लागल्या. दिवाळीच्या आसपास त्यांनी घरात सांगितलं की त्यांना दीक्षा घ्यायची आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतर साध्वी पुढे चालू लागतील, त्यांच्याबरोबर निघायचं, काही काळ त्यांच्यासोबत राहून शिकायचं आणि मग दीक्षा.

पेठेला हे पचायला जड गेलं. दीक्षेनंतर साध्वी विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावत नाहीत. पंखा नाही, दिवा नाही, फोन नाही. समोरच्या भांड्यांच्या दुकानदाराने त्यांना तोंडावरच विचारलं, "भाभी, सगळी जिंदगी करंटवर काढली, आता दिव्याचं बटनबी दाबणार नाय?"

"म्हणून तर," भाभी म्हणाल्या. "ते किती जीव खातं ते मला माहितीय."

दीक्षेला घरच्यांची आज्ञा, म्हणजे परवानगी, लागते. घरच्यांना ती गावातल्या जैन संघासमोर उभं राहून द्यावी लागते. भाभींच्या बाबतीत ती द्यायची होती मुलाने. नीलेश एकुलता एक, पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत, दर शनिवारी न चुकता ओतूरला येणारा. तो नाही म्हणाला नाही. नाही म्हणणं त्याच्या घरात अवघडच होतं. तो म्हणाला, लोकांची मशीनं अडकवून जाणं बरोबर नाही, फळी रिकामी झाली की मी संघासमोर आज्ञा देतो. भाभींना हे रास्त वाटलं. त्यांनी नवं काम घेणं बंद केलं. जाण्याआधी एकदा नुसतं बघून द्या म्हणत माणसं येत राहिली आणि त्या त्यांना परत पाठवत राहिल्या.

नीलेश माझ्याशी एकदा स्थानकाबाहेर बोलला होता. मोठी तक्रार नव्हती. "आजारी पडली तरी मला कळवणार कोण? फोनसुद्धा नाही," एवढंच तो म्हणाला, आणि मग पुण्याच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल बोलू लागला.

फळी रिकामी होत गेली. शेवटी एकच मशीन उरलं. ते शिनोलीच्या बापूचं होतं. बापू लग्नांचे आणि बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ करायचा. मोटारसायकलवर पुढे टाकीवर कॅबिनेट ठेवून, दोरीने स्वतःलाच बांधून तो शिनोलीहून ओतूरला यायचा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते, त्याआधी त्याला मशीन हवं होतं. तक्रार नेहमीची, चित्र अडखळतं.

भाभींना कारण लगेच सापडलं. कार्ड फार तापत होतं, आतली उष्णता बाहेर नेणारा लेप वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. त्यांनी नवा लेप लावला, फीत चालवली, शर्यतीतले बैल पडद्यावर सलग पळाले. बापूला सोमवारी बोलावलं. सोमवारी त्याच्यासमोर फीत लावली तर बैल पुन्हा अडखळले. भाभींनी त्या दिवशी आयंबील केलं. मग त्यांनी कार्डाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा नव्याने घातलं, आठवडाभर रोज फीत चालवली, शुक्रवारपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढच्या सोमवारी मशीन पुन्हा हळू. पुन्हा आयंबील.

पौर्णिमा जवळ आली होती. साध्वींच्या निघण्याची तयारी सुरू झाली होती.

त्या मंगळवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. बापूचं मशीन टेबलावर उघडं होतं, फीत चालू होती, आणि त्यांनी तळहात कार्डाजवळ धरला होता.

"हात लावून बगा," त्या म्हणाल्या. माझ्या आठवणीत त्यांनी मशीनला हात लावायला सांगितल्याची ही एकच वेळ.

कार्ड गार होतं. पंखे जेमतेम फिरत होते.

तापलं म्हणून हळू झालं असतं तर ते गरम लागलं असतं, त्यांनी समजावलं. हे गार आहे आणि तरी हळू आहे. म्हणजे हे दमलेलं नाही, याला कुणीतरी हळू ठेवलंय. त्यांनी पडद्यावर एक खिडकी उघडली. कार्डाने किती वीज घ्यायची याची मर्यादा तिथे ठरवता येते. ती निम्म्यावर आणलेली होती. मशीन सुरू होताच ती आपोआप लागू व्हावी अशीही सोय केलेली होती. हे आपोआप होत नाही. पेठेत हे करता येईल असं कोणी नव्हतं, आणि खोलीच्या किल्ल्या दोनच होत्या. एक भाभींकडे. दुसरी कोणाकडे हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मर्यादा परत वर न्यायला एक क्षण लागला असता. त्यांनी ती खिडकी बंद केली, मशीनवर पांढरं फडकं टाकलं आणि बापूला रविवारी बोलावण्याचा निरोप माझ्याकडे दिला.

रविवारी दुपारी बापू आला. मलाही येताना जुन्नरहून मागे बसवून घेऊन आला. नीलेश खोलीतच होता, आईला बांधाबांधीत मदत करत होता. भाभींनी फडकं काढलं आणि फीत लावली. बैल अडखळले. बापू वैतागला.

"भाभी, सोडा आता. मी नवं कार्ड घेतो. तुमी कशाला जिवाला लावून घेताय?" मग तो नीलेशकडे वळला. त्याला काहीच माहीत नव्हतं, तो सहज बोलला. "तुमच्या आईनं दोन सोमवार कोरडं खाल्लं राव या मशीनपायी. चूक व्हती म्हणून. आमाला वाईट वाटतं."

नीलेश सुतळी गुंडाळत होता. तो थांबला. सोमवारी तो पुण्यात असायचा. त्याने आईकडे बघितलं.

"खरं?"

"चुकलं की करतेच मी," भाभी म्हणाल्या. "तुला म्हाईत हाये."

"पण तुझी चूक नव्हती."

भाभी खुर्चीवरून उठल्या आणि खुर्ची थोडी मागे सरकवून बाजूला उभ्या राहिल्या. माउस टेबलावर होता. त्या खोलीत माउस दुसऱ्या कोणाच्या हातात देण्यासाठी भाभी उठल्या, असं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

नीलेश बसला. बापूने मला खुणेने विचारलं की काय चाललंय, मी मान हलवली. मग नीलेशने ती खिडकी उघडली. शोधावी लागली नाही, ती कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. बापूच्या तेव्हा लक्षात आलं असावं, कारण तो खाली बघायला लागला.

"आई, मला वाटलं की..."

"आधी चालव. मग बोल."

नीलेशने मर्यादा पूर्ण वर नेली, आपोआप लागू होणारी सोय काढून टाकली आणि फीत पहिल्यापासून लावली. पंख्यांचा आवाज चढला. बैल घाटात, शर्यतीच्या चढावर, शिरले आणि एका दमात वरपर्यंत गेले. भाभींनी डोळे मिटून आवाज ऐकला. फीत संपली तरी नीलेश मगाशी सोडून दिलेलं वाक्य बोलला नाही आणि त्यांनी ते मागितलं नाही.

बापू मशीन बांधताना फक्त एवढंच म्हणाला, "बैलं पळाली बरं का आता." त्याने ते टाकीवर ठेवलं आणि दोरी आवळली. फळी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी नीलेश पुण्याला गेला नाही. सकाळी स्थानकात प्रवचन संपल्यावर तो संघासमोर उभा राहिला. अशा वेळी लोक लांब बोलतात, आईचे उपकार सांगतात. तो म्हणाला, "माझी आज्ञा आहे," आणि खाली बसला. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा सांगायला लावलं. नीलेशने उठून पुन्हा सांगितलं.

दीक्षा पुढच्या वर्षी नगर जिल्ह्यात झाली. मी गेलो नव्हतो. ओतूरची खोली आता कापडाच्या गठ्ठ्यांनी भरली आहे. बापूला दुरुस्तीसाठी नारायणगावला जावं लागतं. तिथला मुलगा हुशार आहे, पण लई घाई करतो, असं बापूचं म्हणणं आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, जुन्नरहून घोडेगावला जाताना, रस्त्याच्या कडेने चार साध्वी चाललेल्या दिसल्या. पांढरी वस्त्रं, तोंडावर पट्टी, अनवाणी पाय. रांगेतल्या तिसऱ्या साध्वी म्हणजे भाभी होत्या. केस नव्हते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. त्या पूर्वीपेक्षा भरभर चालत होत्या. मी गाडी उभी करून हात जोडले. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला, चाल मंदावली नाही. नाव आता दुसरं आहे, ते मला नंतर कळलं; हाक सगळे महाराजसाहेब अशीच मारतात.

वाहनांच्या बाजूने, त्यांच्यापासून थोडं अंतर ठेवून नीलेश चालत होता. साध्वींच्या विहारात, म्हणजे पायी प्रवासात, श्रावक असे सोबत चालतात, रस्त्यावर अपघात फार होतात म्हणून. तो म्हणाला की या भागात विहार असला की तो येतो, शनिवारी-रविवारी. आज घोडेगावपर्यंत, पुढे तिथले लोक येतील.

मी विचारलं, बोलणं होतं का.

"रस्ता विचारतात," तो म्हणाला. "मी सांगतो."

मागून विटांचा ट्रक हॉर्न वाजवत आला. नीलेश दोन पावलं पुढे झाला. "महाराजसाहेब, डावीकडून," त्याने सांगितलं. चौघीही डावीकडे झाल्या. ट्रक गेला, धूळ खाली बसली, आणि तो पुन्हा वाहनांच्या बाजूला येऊन चालू लागला.